चुरीतली तीज

कळमनुरीहून शेंबाळपिंपरीच्या रस्त्याला लागलं, की थोड्या वेळानं डाव्या हाताला मोहनसिंग नायकाचा तांडा येतो. तांड्याच्या उगवतीला एक बुटका, पसरट टेकडा आहे. माथ्यावर पळस आणि कडुलिंब, उतारावर शेवरी, पायथ्याला कापून रचलेल्या गवताच्या पेंढ्या. परक्या माणसाला ती टेकडीच वाटते. तांड्यातली माणसं मात्र तिला अजून चुरीच म्हणतात. ‘शेळ्या चुरीवर हाकल्या’, ‘चुरीवरनं पाला आणला’, अशी बोलायची रीत पडून गेली आहे. तो टेकडा यंत्रानं ओकलेला आहे, आणि त्यातला निम्मा तरी नर्मदाबाईच्या डोक्यावरून गेलेला आहे.

एकोणनव्वद साली तिथं खडी फोडायचं क्रशर आलं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हती, सगळा कारभार परभणीचा. माळाखाली काळा दगड निघाला, सुरुंग लागू लागले, गिट्टी ट्रकात बसून गावोगावच्या रस्त्यांवर जाऊ लागली. मागं राहायची ती चुरी. दगड भरडताना पट्ट्याखाली पडणारी करडी, पिठासारखी भुकटी. ती आणि दगडाच्या वरून उकरलेला निकामी मुरूम, दोन्ही खदानीच्या कडेला नेऊन ओतायचे. नर्मदाबाई आणि तांड्यातल्या पाचसहा बाया हेच काम करायच्या. घमेलं भरायचं, चढायचं, उलटं करायचं, उतरायचं. ढीग सरकत सरकत गायरानावर आला. कुंद्याचं गवत गाडलं गेलं, जनावरांची बसायची जागा गेली, आणि एका उन्हाळ्यात तांड्याचं जुनं वारूळही त्याच्या पोटात गेलं.

वारूळ गेलं त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. श्रावण आला तेव्हा वाटलं.

श्रावणात तांड्यात तीज बसते. लग्न न झालेल्या पोरी दुरडीत वारुळाची माती भरतात, भिजवलेले गहू पेरतात आणि दुरड्या नायकाच्या दारातल्या मचाणावर मांडतात. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत पाणी घालायचं. गव्हाचे कोंब वीतभर झाले, हिरवेगार राहिले, तर पोरीचं सासर गोड. तोंडानं कुणी म्हणो न म्हणो, प्रत्येक आईचा डोळा आपल्या पोरीच्या दुरडीवर असतो. शेजारणीचा तर असतोच.

ब्याण्णवच्या श्रावणात नर्मदाबाईची निता चौदा वर्षांची होती. एकुलती लेक. तीज बसायच्या दिवशी क्रशरवर ट्रक अडकून पडले म्हणून मुकादमानं बायांना उशिरा सोडलं. बाकीच्या पोरींच्या आयांनी आदल्या दिवशीच ओढ्यापलीकडच्या वारुळाची माती आणून ठेवली होती. नर्मदाबाई दारात पोचली तेव्हा निता रिकामी दुरडी घेऊन उभी होती.

“याडी, माती?” याडी म्हणजे आई.

“थांब की. अंगावरची तर झटकू दे.”

“पोरी निघाल्या. नायकण हाका मारून राहिली.”

ओढ्यापलीकडं जाऊन यायचं तर दिवस बुडाला असता. नर्मदाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि घराच्या पाठीमागं ढिगाची शेपटी आली होती तिथं जाऊन पाच ओंजळी चुरी दुरडीत भरली.

“ही?” निता म्हणाली.

“बघ कशी मैद्यावानी हाय. त्यांच्या मातीत खडे निघतील, खडे.”

“पन वारुळाची पायजे ना?”

“वारूळ म्हंजे काय असतं गं? मुंग्यांनी बारीक केलेलीच ना माती? ही मशीननं केली.”

तिला ते मनापासून पटलं होतं, हे खरं. बारीक ते चांगलं, जात्यानं आणि चाळणीनं तिला हेच शिकवलं होतं. पण पटलं होतं तर मग तिनं वरून मूठभर काळी माती का भुरभुरली? या एका मुठीचा जाब ती पुढं आयुष्यभर स्वतःला विचारत राहिली.

तिसऱ्या दिवशी अकरा दुरड्यांत हिरवी टोकं दिसली. सगळ्यांसारखंच पाणी घालूनही निताच्या दुरडीत मात्र गिलावा केल्यासारखी खपली धरली होती. चौथ्या दिवशी नितानं बाभळीच्या काट्यानं ती खपली उकरली. आत गहू फुटले होते, पण वाकडे होऊन कोंडले होते. सहाव्या दिवशी चारदोन पिवळे कोंब वर आले आणि आठव्या दिवशी आडवे पडले. हिरव्या ओळीत ती एक दुरडी पडलेल्या दातासारखी दिसायची.

शेजारची शकुंतलाबाई जिभेची तिखट. म्हणाली, “पोरीच्या नशिबाचं वाळवण दिसतंय बाई.”

नायकणीनं सगळ्या बायांसमोर विचारलं, “नर्मदे, माती कुठली घातली व्हती?”

क्रशरचा कचरा तिजेत घातला म्हणावं, तर तो एकट्या पोरीचा प्रश्न राहत नव्हता. साऱ्या तांड्याची तीज बाटली असती.

“वारुळाचीच की,” नर्मदाबाई म्हणाली.

मचाणाच्या खांबाला धरून निता उभी होती. तिनं आईकडं पाहिलं.

माती चांगली, पाणी सारखं, मग वाळलं कशानं? पोरीच्या पायगुणानं. एवढा हिशेब तांड्याला जमतो. पुढची चार वर्षं निताला पाहायला पाहुणे यायचे, चहा प्यायचे, जाताना शकुंतलाबाईच्या दारात पाणी मागायचे, आणि मग त्यांचा निरोप यायचा नाही. शहाण्णवला तिला एका बिजवराला दिली. माणूस वाईट नव्हता, दिग्रसच्या अंगाला सडकेलगतच्या तांड्यात घर होतं. पण पहिली बायको गेलेला, वयानं थोराड आणि लांबचा.

लमाणाची पोरगी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि रडत रडत, गात गात त्याचं नाव घेऊन, त्यानं काय काय लाड केले ते सांगून निरोप मागायचा. नितानं बापासाठी ढावलो म्हटला, वसरामसारखा राकट गडी फेट्याच्या शेवात तोंड खुपसून रडला. मोहनसिंग नायकासाठी म्हटला. शकुंतलाबाईसाठीसुद्धा म्हटला. मग आईच्या गळ्यात पडली. हात घट्ट होते, श्वास लागत होता, पण गळा उघडला नाही. बाया वाट पाहत राहिल्या. निता बाजूला झाली आणि जीपमध्ये बसली.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, बाळंतपणाला नाही. भांडण काहीच नव्हतं, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं. वसराम दोनदा जाऊन आला, नात पाहून आला. दिपा नाव ठेवलं, म्हणाला. नर्मदाबाईला मात्र पाऊल उचलवेना. आपल्याला बघून पोरीनं पुन्हा तोंड मिटून घेतलं तर?

तिच्यासाठी एकच खिडकी उघडी राहिली, हिंगोली-दिग्रस यष्टीची. कंडक्टर सोनाजी हा कळमनुरीचाच. गाडी निताच्या तांड्यावरून जायची. नर्मदाबाई दर दोनचार दिवसांनी फाट्यावर जाऊन उभी राहायची.

“दिसली का रे माझी पोरगी?”

“दिसली ना मावशी. हंडा व्हता डोक्यावर.”

“एक का दोन?”

“दोन.”

“साडी कोणची?”

“आता गाडीतून साडीचा रंग पाहू का तिकिटं फाडू?” असं म्हणून सोनाजी घंटी ओढायचा. पुढच्या खेपेला मात्र न विचारता सांगायचा, “मावशी, जांभळी.”

तेवढ्यावर तिचे चार दिवस निघायचे.

सत्त्याण्णवात खदानीला पाणी लागलं, दगडही मऊ निघू लागला. मालकानं यंत्र उचललं आणि गेला. खड्डा राहिला, ढीग राहिला. उन्हाळ्यात वारा सुटला की भाकरीवर चुरी, पावसाळ्यात खालच्या वावरात चुरी. त्यावर कुसळसुद्धा उगवेना. सगळे शिव्या द्यायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

त्या श्रावणात वसरामनं पाहिलं तर बायको पडवीत बसून फुटक्या घमेल्यात चुरी भरून गहू पेरून राहिली होती.

“निताची याडी, या वयात तीज बसवतीस व्हय? नवरा करायचाय दुसरा?”

“तीज न्हाई. गहूच हायेत नुसते.”

“चुरीत?”

“चुरीतच.”

लग्नानंतर निताचं नाव घरात फक्त त्या एका हाकेत उरलं होतं, आणि ती हाक दर वेळी नर्मदाबाईला काट्यासारखी टोचायची. नवव्या दिवशी तिनं कोंब घराच्या लाकडी मेढीला लावून कोळशानं रेघ मारली. दोन बोटं. पिवळी.

तिला एवढंच कळून घ्यायचं होतं, की मातीत खोट होती, पोरीत नव्हती. ते तिला ठाऊक होतंच. पण नुसतं ठाऊक असून भागत नव्हतं. ज्या चुरीनं पोरगी नेली त्या चुरीनं एकदा तरी हिरवं होऊन दाखवावं, मग तोंड उघडायला जागा होईल, असं काहीसं तिच्या मनानं घेतलं होतं.

नव्व्याण्णवला, म्हणजे हिंगोली जिल्हा झाली त्याच सालच्या पावसाळ्यात, नांदेडकडच्या कुठल्याशा संस्थेची जीप आली. तीनशे रोपं, खड्डे, फलक, फोटो. संक्रांतीपर्यंत रोपं वाळून काड्या झाल्या. संस्थेत प्रेमानंद नावाचा एक तरुण होता, डोंगरकडा गावचा, शेतीचं शिकलेला. तो एकटाच पुन्हा आला आणि वाळलेली रोपं उपटून मुळं पाहत बसला. नर्मदाबाई त्याच्याजवळ गेली.

“तीनशे न्हाई मेली. दोन जगलीत,” ती म्हणाली.

“कुठं, माय?”

तिनं नेऊन दाखवलं. ढिगाच्या शेपटीला, तिच्या घरामागं, कडुलिंबाची दोन रोपं टवटवीत उभी होती. वसराम शेळ्यांच्या वाड्यातली झाडलोट तिथंच फेकायचा.

प्रेमानंदानं मूठभर चुरी घेतली, चुरगळली, हुंगली. मग हसला. “चुकलं आमचं. आधी माती करायला पायजे व्हती, आमी आधी झाडं लावली.”

“या दगडात कायच नसतं का रे?”

“सगळं असतं. असं बघ माय, घरात ज्वारीचं पोतं हाय, पन जातं न्हाई, चूल न्हाई. लेकरू उपाशीच राहील का न्हाई? तसं हाय हे. दगडात अन्न हाय, ते दळून-शिजवून देणारं कोनी न्हाई. ती बारीक जित्राबं कुजलेल्या पाल्यात राहतात, शेणा-लेंड्यात राहतात. ती आली की चुरीची माती व्हती. अन् बारीक लई असली की पाण्यानं दगडावानी बसते. हवा जात न्हाई. दाणा गुदमरतो.”

“गुदमरतो,” नर्मदाबाई म्हणाली. काट्यानं खपली उकरणारी पोरगी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

संस्थेचं काम पुढच्या वर्षी बंद पडलं. प्रेमानंदाला दुसरीकडं नोकरी लागली, पण वर्षातून दोनदा तो फटफटी घेऊन यायचा, भाकरी खायचा, ढिगावर चढून यायचा. बाकी सारं नर्मदाबाईनं केलं. सांगायला सोपं वाटतं, करायला सात-आठ वर्षं लागली.

पहिल्यांदा तिनं उतारावर आडवे दगडांचे बांध घातले. दगड कसा बसवायचा हे क्रशरच्या बाईला सांगावं लागत नाही. मग एका मेंढपाळाला म्हणाली, चुरीवर मेंढ्या बसव. तो म्हणाला, “बाई, वावरात बसवतात मेंढ्या. दगडावर बसवल्या तर मेंढ्या हसतील मला.” मग तिनं स्वतःच्याच शेळ्या बसवल्या, एका जागी दोन महिने, मग पुढच्या जागी. तेव्हा सगळीकडं सोयाबीनचं पेव फुटलं होतं. मळणीनंतरचं कुटार लोक पेटवून द्यायचे. ती भारे बांधून आणायची आणि चुरीत कालवायची. पावसाआधी तरोट्याचं बी फेकायची. तरोटा कुणी लावतं का? रस्त्याच्या कडेचं तण ते. पण तो आला, आणि आला की फुलायच्या आत ती तो उपटून तिथंच गाडायची. पुढं ताग, मग शेवरी. पाझर तलाव आटला त्या साली गाळ वाहिला. तीच ती घमेली, तोच चढ. पूर्वी ढीग उंच करायला चढायची, आता त्याला खायला घालायला.

शकुंतलाबाई हसायची. “नर्मदे, लेकीचं बाळंतपण केलं न्हाईस, ढिगाचं करून राहिली का?”

नर्मदाबाई घमेलं न टेकवता म्हणायची, “व्हय. हे तरी कुठं जात न्हाई मला सोडून.”

दर श्रावणात घमेल्यात गहू, दर श्रावणात मेढीवर रेघ. दोन बोटं, अडीच, परत दोन, मग एकदम चार. एका वर्षी तर उगवलंच नाही. लेंड्या ताज्या पडल्या, बी जळालं. त्या दिवशी ती जेवली नाही. पाचव्या का सहाव्या वर्षी, वळवाच्या पावसानंतर ती ओंजळ मिटून धावत घरी आली.

“बघ, पाहुणा आलाय.”

वसरामनं पाहिलं. ओंजळीत करडी ओली माती, आणि तीत एक गांडूळ अंग आखडून घेत होतं.

“च्या टाकू का त्याला?” तो म्हणाला. पण स्वतः उठून तिच्याबरोबर गेला, आणि जिथनं आणलं होतं तिथंच ते नीट सोडलं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात माथ्यावरच्या पळसाच्या बुडाशी वारूळ उठलं. आधी हातभर, मग गुडघाभर. ढिगावर वाळवी चढली म्हणजे तिथं खायला काही झालं. ही बातमी तांडाभर गेली. म्हातारा मोहनसिंग नायक काठी टेकत वर चढला, वारुळाला हात लावून पाया पडला.

तीज बसायच्या दिवशी नायकाच्या दारात सगळा तांडा जमला होता. मोहनसिंगानं हात वर केला.

“पंधरा-सोळा वर्सं झाली, आपल्या पोरी ओढ्यापल्याडची माती आणून राहिल्या. आवंदा आपलं वारूळ उठलं. हे कोनामुळं झालं ते मी सांगायची गरज न्हाई. पयल्या दुरडीत पयली ओंजळ नर्मदा घालंल.”

बायांनी वाट केली. मातीची पाटी समोर, दुरडी समोर. नर्मदाबाई वाकली, आणि तिचे हात मातीवर जाऊन थांबले.

“मी न्हाई घालत,” ती म्हणाली.

“काहून?”

“या हातानं एक तीज मारलीय.” तिचा आवाज आधी बारीक होता, मग मोठा झाला. “निताच्या दुरडीत वारुळाची माती नव्हती. चुरी व्हती. मी भरली. वरून काळी माती भुरभुरली, का तर कोनाला दिसू नये. नायकण इचारत व्हती तवा पोरगी हितं, या खांबापाशी उभी व्हती. मी खोटं बोलले. पोरीत काय खोट नव्हती. बिजवराला दिली ती माझ्यामुळं.”

तांड्याची तीज एकदा कचऱ्यात बसली होती, हे पंधरा वर्षांनी कळत होतं. नायकण आता डोळ्यांनी अधू झाली होती, तिनं चाचपत नर्मदाबाईचा हात धरला. मोहनसिंग काठी टेकत पुढं आला.

“दंड तर बसतो,” तो म्हणाला. “गुळाची भेली आण, सगळ्या पोरींना वाट. आन् माती तूच घाल. मारली त्याच हातानं घाल.”

तिनं घातली. पोरी गाणं म्हणू लागल्या. शकुंतलाबाई पदरानं नाक पुसत जवळ आली आणि म्हणाली, “मेले, पंधरा वर्सं माझ्या जिभेला पाप लावलंस की गं.”

सोयऱ्याधायऱ्यांत बोलणं पसरायला वेळ लागत नाही. दिवाळीच्या आधीच ते दिग्रसकडं पोचलं असणार. नर्मदाबाई फाट्यावर जात राहिली. सोनाजी सांगत राहिला: दिसली, नाही दिसली, पोरगी शाळेच्या ड्रेसमध्ये दिसली. निताचा निरोप काही आला नाही. दिवाळी गेली, होळी गेली. बोलून टाकल्यानं ओझं उतरतं म्हणतात. हिचं ओझं उतरलं आणि त्या जागी नुसती वाट बसली. ती जास्त जड निघाली.

पुढच्या श्रावणात, तिजेला चार दिवस असताना, यष्टी फाट्यावर थांबली आणि आज सोनाजी स्वतःच खाली उतरला.

“मावशी, निरोप हाय. निताबाईनं गाडीला हात केला. दिपाची पयली तीज हाय म्हणली. एक पोतं माती पाठव म्हणली.”

“वारुळाची ना?”

“मीबी तसंच म्हणलो. तर न्हाई म्हणली. चुरीची पाठव म्हणली. दोनदा इचारलं मी.”

दुसऱ्या दिवशी ती ढिगावर गेली. ज्या शेपटीपासून त्या दिवशी पाच ओंजळी उचलल्या होत्या, तीच जागा तिनं खणली. वरची वीतभर माती काळपट, खाली करडी. चाळणीनं चाळायला बसली आणि मध्येच थांबली. बारीक करायची नाही. मग हातानंच खडे वेचले, ढेकळं बोटांनी सैल केली. पोत्याचं तोंड शिवताना वसराम म्हणाला, “अगं, तिकडं काय माती न्हाई का? यवतमाळ जिल्हा काय हवेत हाय?”

“तुला न्हाई कळायचं.”

“कळतंय,” तो म्हणाला आणि पोतं स्वतः पाठीवर घेऊन फाट्यावर आला.

सोनाजी टपावर चढला. “मावशी, मातीला अर्धं तिकीट लागंल.”

“पूर्ण घे. सोळा वर्सांची हाय ती.”

गाडी गेली. तिला घरी जाववेना. पोरीनं स्वतःच्या लेकराचं नशीब आईच्या हातच्या मातीत पेरायला काढलं होतं. हे नाही उगवलं तर? तिकडच्या तांड्यातही कुणी शकुंतलाबाई असेलच. आईची वाळली तशी लेकीचीही वाळली, म्हणायला किती वेळ लागतो?

तीज बसली त्या दिवशी तिनं त्याच जागची माती घमेल्यात भरली, त्याच सुमाराला गहू पेरले. पोरी इथं पाणी घालायला निघाल्या की तिकडं दिपा निघाली असेल, असं धरून तीही पाणी घालायची. इथं जे दिसेल ते तिथं घडत असेल. नेमका सोनाजी त्या आठवड्यात रजेवर, गाडीला भलताच कंडक्टर. मग घमेलं हीच तिची चिठ्ठी.

दुसरा दिवस, काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जोराची सर आली आणि वरची माती चोपून बसली. नर्मदाबाईनं बाभळीचा काटा आणला, घमेल्याजवळ बसली, आणि उकरायचं धैर्य होईना. वसराम शेळ्या बांधत होता, तो तिथूनच म्हणाला, “दे पाहू इकडं.” त्यानं बोट टेकवलं. माती दबली, बोटाला चिकटली आणि मोकळी झाली. खपली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी घमेल्यात पांढरट-हिरव्या सुया उभ्या होत्या, दवाचा एकेक थेंब टोकावर घेऊन.

नऊ दिवस झाले. पोरींनी दुरड्या डोक्यावर घेतल्या, रडत-गात जुन्या खदानीच्या पाण्यात तीज शिरवली. थोडे कोंब काढून गड्यांच्या फेट्यांत खोवले. नर्मदाबाईनं घमेल्यातले चार कोंब मेढीला लावून पाहिले. वीत भरायला बोटभर कमी. तिनं रेघ मारली.

दोन दिवसांनी यष्टीत सोनाजी होता. गाडी थांबायच्या आधीच त्यानं खिडकीतून एक फडक्याची पुरचुंडी पुढं केली. “घ्या मावशी. पोरीच्या हातची हाय.”

पिवळं फडकं, कडेला निताच्या हातचं भरतकाम. तो टाका नर्मदाबाईनंच शिकवलेला. गाठ सोडली. आत गव्हाचे कोंब होते, प्रवासानं जरा मान टाकलेले, पण हिरवे. मुळांना करडी माती तशीच धरून होती. ती घाईनं घरी आली नाही. तिथंच रस्त्यावर त्यांना तळहातावर आडवं घालून वीत लावली. पुरी वीत, वर बोटभर.

“माझ्यापेक्षा लांब आलेत,” ती म्हणाली. “तिकडचं पाणी चांगलं दिसतंय. काय म्हणली?”

“काय न्हाई म्हणली.”

“कायच?”

“फडकं परत पाठवा म्हणली. चांगलं हाय म्हणली, रोजच्या वापरातलं.”

“मीच येते न्यायला, असं म्हणली का?”

खोटं बोलणं सोनाजीला सोपं होतं. पण बारा वर्षं त्यानं या बाईला साडीचा रंगसुद्धा कधी खोटा सांगितला नव्हता.

“तसं न्हाई म्हणली मावशी.”

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. नर्मदाबाईनं फडकं छातीशी धरलं. “तिला सांग, मातीनं मळलं व्हतं. धुऊन वाळत घातलंय. वाळलं की देईन. न्हाईतर येऊन घेऊन जा म्हणावं.”

“उद्या नेतो की मी, वाळलं तर.”

“श्रावण हाय बाबा. वाळायला लई दिवस लागतात.”

घरी येऊन तिनं कोंब देवापाशी ठेवले, फडकं धुतलं आणि दारातल्या दांडीवर पसरलं, रस्त्यावरून येणाऱ्याला दिसेल असं. त्या दिवशी नेमकं कडकडीत ऊन पडलं. दिवस कलायच्या आतच फडकं खडखडीत वाळलं. नर्मदाबाईनं ते काढलं, घडी घालायला घेतलं, रस्त्याकडं एकदा पाहिलं. मग घडी मोडली, फडकं बादलीतल्या पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि पुन्हा दांडीवर टाकलं.